अठरा दिवसांचा नारिंगी दिवा

१

मंगळवारी सकाळी पिंपळवंडीच्या 'वेलबहार' शेतकरी कंपनीतून तीनशे बारा बागांचा हंगाम गायब झाला. वेली जागेवर होत्या, द्राक्षंही जागेवर होती. गेल्या त्या फक्त नोंदी. ऑक्टोबर छाटणीपासून कुठल्या बागेत कुठलं औषध कोणत्या तारखेला मारलं, हे सगळं कंपनीच्या स्टोरेजमध्ये भरलेलं होतं, आणि ते दाखवल्याशिवाय परदेशी जाणारी द्राक्षाची एक पेटी हलत नाही.

स्टोरेज म्हणजे मागच्या खोलीतला चार डिस्कचा काळा डबा. चारांतली एक डिस्क मेली तरी डबा लंगडत का होईना चालतो आणि कपाळावर नारिंगी दिवा लावून बसतो. शेजारी एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याचं काम एकच, डब्यावर नजर ठेवायची आणि काही बिघडलं की मेल आणि मोबाइलवर संदेश धाडायचा. संदेश आला की नवी डिस्क घालायची, झालं. पण तेवढ्यात दुसरीही मेली तर मात्र देवाचाही इलाज चालत नाही. इथं पहिली डिस्क चौदा नोव्हेंबरला गेली आणि दुसरी दोन डिसेंबरला. मधले अठरा दिवस बंद खोलीत नारिंगी दिवा जळत राहिला. एक मेल नाही, एक संदेश नाही.

आणि ही सगळी व्यवस्था जिच्या हाती होती तिचं नाव प्रतीक्षा.

हे नाव ऐकून पुण्यात बसलेल्या स्नेहलला आधी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला. स्नेहल निरगुडसरची, प्रतीक्षा पिंपरी पेंढारची. नारायणगावच्या कॉलेजात दोघी तीन वर्षं एका बाकावर बसल्या. सहा परीक्षा झाल्या, सहाही वेळा प्रतीक्षा पहिली आणि स्नेहल दुसरी. पुण्याच्या कंपनीनं मुलाखती घेतल्या तेव्हाही तोच क्रम लागला. प्रतीक्षा म्हणाली, मला गावाकडंच राहायचंय, आणि तिनं सोडलेली जागा यादीतलं पुढचं नाव म्हणून स्नेहलला मिळाली. सात वर्षांत स्नेहल दोन पायऱ्या वर चढली, पण ती नोकरी तिला मनातून कायम उष्टीच वाटली. त्यात योगायोग असा, की वेलबहारच्या स्टोरेजची देखभाल तिच्याच कंपनीकडं होती. मेलखाली प्रतीक्षाचं नाव दिसलं की तिची ती सकाळ नासायची, आणि असले मेल ती भराभर हातावेगळे करून टाकायची.

वेलबहारचे अध्यक्ष चिमाजीभाऊ फोनवर तापलेले होते. "म्याडम, तुमीच या. गुरुवारी पाच वाजता संचालकांची मीटिंग हाय. दोष कुणाचा त्ये तुमी लिहून द्यायचं. पोरीचा निघाला तर पोरीला घरी बसवणार, मग ती कितीबी हुशार असू द्या."

"बघते," स्नेहल म्हणाली. बघायचं काय आहे, हे तिनं मनात आधीच ठरवून टाकलं होतं.

२

गुरुवारी दहाच्या सुमाराला ती मागच्या खोलीत शिरली. काळा डबा मुका पडला होता. शेजारी नजर ठेवणारा कॉम्प्युटर, त्याला मॉनिटर नव्हता, कारण त्याच्याकडं रोज बघायची गरजच नव्हती. कपाळावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, जाळीत अडकलेली झेंडूची वाळकी पाकळी. गावच्या ऑफिसात हे असायचंच. स्नेहलनं तिकडं दुसऱ्यांदा बघितलं नाही.

बाहेर ऑफिसात प्रतीक्षा आपल्या टेबलापाशी उभी होती. डोळ्यांखाली काळं, दोन रात्री झोप नसावी. तरीही साडीच्या निऱ्या जागच्या जागी. स्नेहलला त्या निऱ्यांचासुद्धा राग आला.

"बस," प्रतीक्षा म्हणाली. "चहा घेशील?"

"आधी काम."

प्रतीक्षाच्या कॉम्प्युटरवरून तिनं नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी उघडली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तिन्ही महिने कोरे. बिघाड राहू द्या, वीज गेल्या-आल्याचीही नोंद नव्हती. रोजची बॅकअपसुद्धा तीस सप्टेंबरच्या रात्रीपासून थांबलेली होती. असं आपोआप होत नसतं. कुणीतरी हात फिरवलेला असणार.

"तू यादी कधी बघायचीस?"

"रोज सकाळी."

"आणि रिकामी दिसायची?"

"रिकामी म्हणजे बिघाड नाही, असं मी धरून चालले. ती माझी चूक." प्रतीक्षानं हे असं सांगितलं, जणू कुणी वेळ विचारली होती.

"तू काही पुसलंस?"

"नाही."

"मग कुणी पुसलं?"

"ते शोधायला तू आलीस ना?" मग थांबून ती म्हणाली, "स्नेहल, संदेश जायच्या यादीत दोनच नावं आहेत. एक माझं, एक तुझं. मी समजा झोपले होते. तुला तरी कुठं आला?"

हा मुद्दा बिनतोड होता. स्नेहलनं तो वहीत लिहिला नाही.

तेवढ्यात प्रतीक्षाचा फोन टिंगटिंग करू लागला. कुणाकुणाच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो येत होते. फवारणी झाली की चौकोनात पेननं औषधाचं नाव लिहून ठेवायचं, ही इकडच्या बाईमाणसांची जुनी सवय. प्रतीक्षानं मंगळवारपासून घरोघरी फोन करून ते फोटो मागवले होते आणि त्यावरून नोंदी पुन्हा भरत होती. एकशे ऐंशी बागा झाल्याही होत्या. म्हणजे घर जळत असतानाही ही बाई पहिलीच येणार, असं स्नेहलला वाटलं आणि तिच्या पोटात खरोखरच दुखलं.

उठताना तिचं लक्ष टेबलाच्या खणाकडं गेलं. खणाला कुलूप होतं.

"यात काय आहे?"

"कागद आहेत," प्रतीक्षा म्हणाली. "पाचनंतर दाखवते."

३

मागच्या खोलीची किल्ली आणखी दोघांकडं असायची. झाडलोट करणाऱ्या ठकूबाई आणि पॅकहाउसचा नवनाथ.

ठकूबाईंनी पदर खोचला आणि आधीच हात वर केले. "मला काय इचारू नगा बाई. मी फकस्त खाली झाडती, पुसती. त्या डब्यांना वरसाचा सण सोडला तर फडकंसुदिक लावत न्हाई. लई भ्या वाटतं करंटाचं."

"दिवा दिसला नाही नारिंगी?"

"आवो, तितं धा दिवे लुकलुकत्यात. मला काय ठावं कुंचा आनंदाचा न् कुंचा दुखाचा?"

नवनाथ वेगळा. प्रतीक्षा यायच्या आधी चार वर्षं ती खुर्ची त्याची होती. त्याला आता पॅकहाउसात पुठ्ठ्याचे खोके मोजायला बसवलं होतं. संशयित म्हणून तो इतका सोयीचा होता, की स्नेहलला त्याची थोडी भीतीच वाटली. प्रतीक्षाऐवजी हाच दोषी निघाला तर?

"मॅडम," तो खोक्यावरची धूळ झटकत म्हणाला, "पोरगी हुशार हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण हुशारी डोक्यात गेली की डोळं वर व्हत्यात. मी व्हतो तवा रोज खोलीत जाऊन डब्याला डोळ्यांनी बघायचो. ही खुर्चीतनं बघती."

"आता जाता का कधी खोलीत?"

"जातो की. चिकटपट्ट्या, लेबलं तितंच ठेवल्यात."

"नोव्हेंबरात गेला होतात?"

नवनाथनं पलीकडं बघितलं. दोन बाया खोके दुमडत होत्या. त्यानं आवाज खाली घेतला.

"पंधरा-सोळा तारखंला गेलो व्हतो," तो म्हणाला. "दिवा मी बघितला व्हता."

४

"बघितला होता?" स्नेहल ताडकन उभी राहिली. "त्या दिव्याचा अर्थ तुम्हाला माहीत होता. चार वर्षं सांभाळलंत तुम्ही. दिवा दिसला आणि तुम्ही गप्प बसलात?"

"संदेश ग्येला आसंल तिला, असं वाटलं."

"खरं सांगा, नवनाथभाऊ."

नवनाथनं खोका खाली ठेवला. "खरं सांगू? म्हणलं पडू दे एकदा तोंडावर. एक डिस्क ग्येली तर बोलणी खाईल, येवढंच. दुसरीबी जाईल असं मला काय ठावं, राव? तुमाला नाय कळायचं ते. आपल्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं की काय व्हतं."

स्नेहलला ते फार चांगलं कळत होतं. म्हणूनच ती त्याला आणखी चार शब्द फाडफाड बोलली आणि तिथून निघाली.

जेवण झाल्यावर ती पुन्हा यादीसमोर बसली. नवनाथ गप्प का राहिला हे उलगडलं होतं, पण सॉफ्टवेअर गप्प का राहिलं हे उलगडलं नव्हतं. दिवा माणसानं लपवला, पण मेल कुणी लपवले? तिनं पुसल्याच्या खुणा शोधल्या. या सॉफ्टवेअरमधून नोंद पुसली की पुसणाऱ्याचं नाव मागं राहतं. कुणाचंच नाव नव्हतं. म्हणजे काही पुसलंच नव्हतं. आणि पुसलं नसेल तर नोंदी कुठंतरी असल्याच पाहिजेत.

तिनं तारखांची अट काढून टाकली आणि सॉफ्टवेअरला म्हटलं, असेल नसेल ते सगळं दाखव.

पडद्यावर नोंदींची रांग लागली. वीज गेली, वीज आली. बॅकअप झाली नाही. पहिली डिस्क निकामी. दुसरी डिस्क निकामी. प्रत्येकीखाली एकच शेरा, मेल परत आला. आणि प्रत्येकीसमोर साल, दोन हजार पंधरा.

वेलबहार कंपनी दोन हजार एकोणीसची. जी कंपनी जन्मालाच आली नव्हती तिच्या डिस्का निकामी कशा होतील? स्नेहल हसली. आता तिला कोड्याची चव लागली होती, आणि तेवढ्यापुरती ती प्रतीक्षालाही विसरली.

पहिली डिस्क मेल्याची तारीख तेरा फेब्रुवारी, दुसरीची तीन मार्च. मधे अठराच दिवस. म्हणजे घड्याळ चालत बरोबर होतं, फक्त चुकीच्या दिवसापासून चालू झालं होतं. रांगेतली पहिली नोंद होती एक जानेवारीची. एक जानेवारी ते तीन मार्च, एकसष्ट दिवस. प्रतीक्षाच्या टेबलावर कुणाच्यातरी कॅलेंडरच्या तिन्ही पानांचे छापलेले फोटो पडले होते. स्नेहलनं दोन डिसेंबरवर बोट ठेवलं आणि मागं मोजत गेली. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. बोट लाल चौकोनावर थांबलं. दोन ऑक्टोबर. यंदाचा दसरा.

"ठकूबाई!" तिनं हाक मारली. "ते वर्षाच्या सणाचं काय म्हणालात मघाशी?"

ठकूबाई दारात आल्या. "खंडेनवमीला न्हाई का पुजत? अध्यक्षांचा नेम हाय, हत्याराला येक दीस इसावा. सगळी यंतरं बंद करायची, पुसायची, हाळदकुकू, फुलं. मला भ्या वाटतं म्हून मी बटनावर भागवत न्हाई, पिनाच उपसून ठिवती. दसऱ्याला पूजा झाली की सुदर्शन वायरमन परत खोचतो. समद्या पिंपळवंडीत असंच करत्यात. काय चुकलं का ओ?"

"तुमचं काही चुकलं नाही."

कॉम्प्युटरच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. पिन काढली तरी आतलं घड्याळ त्याच्यावर चालू राहतं. स्नेहलनं झाकण उघडून सेल मोजला तर तो पार मेलेला. वर्षभर वीज किंवा इन्व्हर्टर असायचा म्हणून निभावलं. खंडेनवमीला पिन निघाली, घड्याळ मेलं, आणि दसऱ्याला जागं झालं ते दहा वर्षं मागं. नेटवरून घड्याळ आपोआप जुळतं खरं, पण चुका तासांच्या असतील तर. दहा वर्षांची तफावत दिसली की ते हात टेकतं. पलीकडचं मेलचं यंत्र अशी तारीख बघून निरोप दारातूनच परत पाठवत होतं. मोबाइलच्या संदेशांचं आणि बॅकअपचंही तेच झालं. आणि प्रतीक्षा बघत होती आपल्या टेबलावरून, चालू सालातली यादी, जिच्यात काही येतच नव्हतं.

कोडं सुटलं. सव्वाचार वाजले होते. आणि कोडं सुटलं तशी स्नेहल हिरमुसली, कारण दोषी कुणीच निघत नव्हतं.

मग तिच्या मनात आलं, सेल काही एका दिवसात मरत नाही. आधी मधूनमधून तारीख चुकते. प्रतीक्षासारख्या बाईच्या ते नजरेस आलं नसेल? आलंच असणार. आणि तिनं आळस केला असणार. तक्रार केली असती तर आमच्याकडं नोंद असती.

तक्रार नाही हे दाखवण्यासाठी तिनं लॅपटॉप उघडून आपल्या कंपनीच्या तक्रारींत वेलबहार शोधलं.

एकोणीस मे. 'नजर ठेवणारा कॉम्प्युटर बंद करून लावला की तारीख २०१५ होते. आज मी हातानं दुरुस्त केली. सेल बदलून द्यावा. दसऱ्याला आम्ही सगळी यंत्रं बंद ठेवतो, त्याआधी व्हावं ही विनंती. प्रतीक्षा.'

खाली उत्तर. 'सेल बदलला. तक्रार निकाली.'

आणि त्याखाली तक्रार मिटवणारीचं नाव. स्नेहल.

५

तिला आठवलं. पूर्ण मजकूर तिनं वाचलाच नव्हता. नाव दिसलं, तोंड कडू झालं. तक्रार मिटवायची तर तयार उत्तरांतलं एक निवडावं लागतं, आणि पहिल्याच ओळीवर तिनं बोट ठेवलं होतं. जूनमध्ये स्नेहलच्या कंपनीचा माणूस वार्षिक तपासणीला इथं येऊन गेला. सेल त्यानंच बदलला, असं प्रतीक्षानं धरलं असणार. म्हणून दसऱ्यानंतर तिनं तारीख बघितली नव्हती.

ही ओळ बदलायचा अधिकार स्नेहलकडं होता. दोन मिनिटांचं काम. किंवा काहीच न बदलता अहवालात लिहायचं, सेल नैसर्गिकपणे संपला, ऑपरेटरनं वेळीच तपासलं नाही. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तिनं तसं लिहिलं. छापून घेतलं. सहीची जागा कोरी ठेवली आणि पाच वाजता तो कागद घेऊन मीटिंगमध्ये गेली.

सात संचालक बसले होते. नवनाथ भिंतीला टेकून उभा होता. प्रतीक्षा खुर्ची असूनही उभी होती, हातात पिवळी फाइल.

स्नेहलनं सेल, खंडेनवमी, तारीख सगळं समजावून सांगितलं. चिमाजीभाऊंचा चेहरा उतरला. यंत्रांना विसावा द्यायचा नेम त्यांचाच होता. पण अध्यक्ष माणूस, दोष स्वतःकडं किती वेळ ठेवील?

"म्हंजी सेल बघायचं काम कुणाचं व्हतं?" ते प्रतीक्षाकडं वळले. "पोरी, तुझंच ना?"

"रिकामी यादी बघून मी निर्धास्त राहिले," प्रतीक्षा म्हणाली. "तारीख मी स्वतः बघायला हवी होती. तेवढी चूक माझी आहे, भाऊ. मी मान्य करते."

खोलीत सगळे तिच्याकडं बघत राहिले. एका म्हाताऱ्या संचालकानं मान हलवली, पोरगी खरी आहे अशा अर्थानं. स्नेहलनं ती मान हलताना बघितली आणि तिच्या अंगाची आग आग झाली. चूक कबूल करण्यातसुद्धा हीच पहिली? जी चूक हिची नव्हतीच, ती?

"नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "चूक तिची नाही. माझी आहे."

चांगुलपणानं म्हणाली असं कुणी समजू नये. तिला दुसरं यायचं नव्हतं, एवढंच होतं ते. पण एकदा तोंड उघडल्यावर पुढचं सगळं खरंच बाहेर आलं. मेमधली तक्रार, न वाचता निवडलेलं उत्तर, कधीच न बदललेला सेल. मघाशी गप्प बसल्याबद्दल नवनाथला आपण बोललो, तेही तिनं सांगितलं. सगळ्यात शेवटी तिनं छापलेला अहवाल टराटरा फाडला.

चिमाजीभाऊ म्हणाले, "म्हंजी कुंपणानंच श्यात खाल्लं म्हणायचं." आणि फोन उचलून त्यांनी पुण्याला लावला. समोरचा कुणीतरी मोठा साहेब असावा. स्नेहलचं नाव त्यात तीनदा आलं.

मीटिंग उठल्यावर दोघी मागच्या खोलीत आल्या. स्नेहलनं बॅगेतून नवा सेल काढला, बसवला, लॅपटॉप जोडून तारीख लावली. चार डिसेंबर दोन हजार पंचवीस. प्रतीक्षा शेजारी उभी राहून बघत होती. पिवळी फाइल डब्यावर उघडी पडली होती. सगळ्यात वर त्या तक्रारीची छापील प्रत होती, खालच्या नावासकट.

"हीच खणात होती?"

"हो."

"मंगळवारीच भाऊंना का नाही दाखवलीस?"

"तुझी नोकरी गेली असती."

"आणि मी बोलले नसते तर?"

"तर दाखवली असती," प्रतीक्षा म्हणाली. "फाइल उगाच आणली नव्हती मी. मे महिन्यात तीनदा फोन केला होता तुला. वाटायचं, एका बाकावरची आहे, कधीतरी उचलेल."

माफी मागावी तर स्नेहलचा राग अजून पुरता गेला नव्हता, आणि तो प्रतीक्षावरचा होता की स्वतःवरचा, हे तिला सांगता आलं नसतं.

"चाचणीचा संदेश पाठवते," शेवटी ती म्हणाली.

"थांब. आधी संदेशाच्या यादीतनं तुझं नाव काढ."

स्नेहलनं वर बघितलं. प्रतीक्षाचा आवाज चढलेला नव्हता.

"अजून काय राग..."

"राग नाही. ते नाव तिथं असलं की मला वाटत राहणार, दुसरं कुणीतरी बघतंय. तसं वाटायला नको."

"मग कुणाचं घालू?"

"नवनाथभाऊंचं. दिवा त्यांना दिसला होता. आता गप्प बसायची सोय राहायला नको."

स्नेहलनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, नक्की काढायचं? तिनं हो म्हटलं. नवनाथचा नंबर प्रतीक्षानं तोंडपाठ सांगितला, तो तिनं भरला आणि चाचणीचं बटण दाबलं.

प्रतीक्षाच्या हातातला फोन वाजला. पाठोपाठ पॅकहाउसकडून दुसऱ्या फोनचा आवाज आला, आणि नवनाथचा, "आला, आला, हितं आला!" स्नेहलनं सवयीनं आपलाही फोन पर्समधून काढून बघितला. त्यावर काही आलेलं नव्हतं.